'पलंग निघाला' आणि प्रक्षाळपूजा

— आषाढीआधी बातम्यांत येतं, 'विठुरायाचा पलंग निघाला'. निघाला म्हणजे कुठे? आणि नंतर होते ती प्रक्षाळपूजा की प्रक्षालन पूजा?

— निघाला म्हणजे शेजघरातून बाहेर काढून ठेवला. देवाची झोप बंद, दर्शन चोवीस तास. काकडआरती, पोशाख, धुपारती, शेजारती थांबतात. 'सगळे उपचार बंद' असं छापतात ते चूक. नित्यपूजा आणि महानैवेद्य चालूच असतो. सतत उभं राहून शिणवटा येतो म्हणून टेकायला विठ्ठलामागे कापसाचा लोड आणि रुक्मिणीमागे तक्या. घरी आपण हे दोन शब्द कसेही वापरतो, पंढरपुरात वाटणी ठरलेली आहे.

— रूप प्रक्षाळपूजा हेच. फल-फळ, काल-काळ तसा इथेही ल चा ळ झाला. प्रक्षालन म्हणजे नुसतं धुणं; पाय धुतले तरी पादप्रक्षालन. प्रक्षाळपूजा म्हटलं की अख्खा विधी आला. मंदिर आणि गाभारा धुतात. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, मग गरम पाण्याने स्नान. लाखो हातांचा घाम, बुक्का, तेलकटपणा पायांवर बसलेला असतो, तो साध्या पाण्याने निघत नाही. लिंबाने चिकटा सुटतो, साखरेच्या रव्याने घासला जातो. त्यानंतर रुद्राभिषेक, पोशाख, अलंकार. रात्री शेजारतीच्या वेळी सुंठ, मिरी, लवंग वगैरे घातलेला काढा, शिणवटा जावा म्हणून. पलंग परत शेजघरात, आणि दुसऱ्या पहाटेपासून काकडा सुरू.

— ही पौर्णिमेलाच असते ना?

— नाही, तो काला. गोपाळपूरचा गोपाळकाला गुरुपौर्णिमेला होतो आणि वारी उलगते. प्रक्षाळपूजेला ठरलेली तिथी नाही. गर्दी ओसरल्यावर चांगला दिवस बघून करतात. कार्तिकीनंतरही असते, हे बरेच जण विसरतात.

— जाता जाता: 'पाद्यपूजा' हा 'पादपूजा'चा चुकीचा उच्चार नव्हे. पाय धुण्यासाठी द्यायचं पाणी ते पाद्य. सोळा उपचारांत आवाहन, आसन यांच्यानंतर तिसरं, मग अर्घ्य. पंढरपुरात पाद्यपूजाच म्हणतात, ते सुधारायला जाऊ नका.