पटत नाही तरी तोंडातून तेच निघालं, तुमचं होतं का असं?

भांडुपवाली:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळची गिरगावातल्या चाळीतली, आता भांडुपला. यंदा गौरी आणायच्या दिवशीच सकाळी लेकीची पाळी आली, वय १४, आणि मी फुलांचं ताट हातात घेऊन तिला म्हटलं, तू आज आतल्या खोलीतच बस हं. तिने एवढंच विचारलं, "आई, तुला पटतं हे?"

नाही पटत. वीसेक वर्षं नाही पटत. मी स्वतः अडचण असताना सिद्धिविनायकाला जाऊन आलेय, कुणाला सांगितलं नाही एवढंच. मग माझ्या तोंडातून ते आलं कुठून?

काही गोष्टी सहज सुटल्या. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून सगळीकडे रांगा लागलेल्या, मी सातवीत. बाबा दुधाचा तांब्या घेऊन मला देवळात घेऊन गेले, दीड तास उभे होतो. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं, बाबांचे डोळे भरून आले. नंतर शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळसर ओघळून खाली जातं. मला ते पटलं, विषय संपला. बाबांच्या डोळ्यातलं पाणी मात्र खरं होतं, त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. पण विटाळाचं तसं नाहीये, तो डोक्यातून जाऊनही जिभेवर राहिलाय. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

माहीमकर_काका:
ताई, २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमचा समुद्र गोड झाला म्हणून लोक धावले होते, आठवतं का? मी इंजिनिअर, तिशीतला, तरी बाटली घेऊन गेलो. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी खाडीत उतरून खारटपणा कमी झालेला, आणि ते पाणी किती घाण असतं हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत, रोज नाक दाबून जातो तिथून. तरी एक घोट घेतला कारण शेजारचे सगळे घेत होते. तेव्हा जीभ एकटीची नसते हे मला तुमच्याआधी कळलंय.

दुसरं. वडील गेले तेव्हा दहाव्याला बाणगंगेवर होतो, पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला, मामा म्हणाले काहीतरी इच्छा राहिलीय. मी मोठ्याने म्हटलं, दादा, धाकटीचं शिक्षण मी पूर्ण करीन. कावळा आला. कावळा भूक लागल्यावर येतो हे मला माहीत आहे हो, पण सगळ्यांसमोर ते बोललो म्हणून पाळलं, बहीण आज शिक्षिका आहे. म्हणून मी तो विधी टाकला नाही. पण त्या घाटावर मी कुणाला लांब उभं केलं नव्हतं. तुमच्या घरात एका पोरीला आत बसवलं, हा फरक मला मोठा वाटतो.

सुलभा_डोंबिवली:
मला हे सगळं टाकून देणं पटत नाही. आमच्या आजीच्या काळी पाणी भरण्यापासून सगळी कामं, त्यात चार दिवस बायकांना विश्रांती मिळायची, ते चांगलंच होतं की.

भांडुपवाली:
@सुलभा ताई, विश्रांती असती तर कधी हवी ते मला विचारलं असतं ना? आई तर माळकरी आहे, तिला मी चौदाव्या शतकातल्या सोयराबाईंचा अभंग आठवून दिला. विटाळ देहातच जन्मतो तर सोवळं कोण, असं त्या विचारतात. आईला तो पाठ आहे. तरी गप्प बसली.

वरळी_बीडीडी:
माझं उलटं आहे म्हणून लिहितोय. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्यविधीला दादर चौपाटीवर हजारो लोकांनी दीक्षा घेतली त्यात माझे आजोबा होते. घरातले देव त्यांनी स्वतः काढले, आजी आठवडाभर रडत होती म्हणे. बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला देव मानणार नाही हे स्पष्ट आहे, मी ते पाळण्यात ऐकत वाढलो. लहानपणी खालच्या मजल्यावर आरती चालू झाली की मी जिन्यात बसून ऐकायचो आणि मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

चाळिशीत आल्यावर मला जाणवलं की आजोबांनी विचार करून, किंमत मोजून सोडलं आणि मला ते आयतं मिळालं. त्यांच्यासाठी तो बंड होता, माझ्यासाठी नुसता घरचा नियम. मग मी पहिल्यांदा प्रतिज्ञा एकेक करून बसून वाचल्या, का लिहिल्या असतील, कुणी कुणाला कुठल्या पाणवठ्यावरून हाकललं होतं म्हणून लिहिल्या. आता मी पाळतो ते माझं आहे. तुमची मुलगी विचारतेय ना, ती आजोबांच्या जागी आहे, तिला थांबवू नका.

भांडुपवाली:
वरळीवाले दादा, तुमचं दोनदा वाचलं. लेकीची माफी मागितली, ती ठीक आहे म्हणाली आणि हेडफोन लावला, म्हणजे अजून ठीक नाहीये.

काल आईशी बोलले. १०x१२ ची खोली, त्यात आठ माणसं, अडचण असली की ती गॅलरीत गोणपाटावर बसायची आणि येणाजाणाऱ्या सगळ्या चाळीला कळायचं. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मग खूप वेळाने म्हणाली, "मी आता पोरीला काही विचारणार नाही, पण माझा स्वतःचा हात नाही गं उठत, मला जोर करू नका." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी गौरीचे मुखवटे लेकीने आणायचे असं ठरवलंय, तिला अजून विचारायचं राहिलंय.