शंभर टक्के निकाल, पण नववीत पोरं किती होती?

पंचगंगातीर: मुलगी महापालिकेच्या शाळेतून सातवी झाली, जूनपासून हायस्कूल. कोल्हापूर शहरातल्या अनुदानित शाळांचे तीन वर्षांचे दहावीचे निकाल वहीत उतरवून काढलेत. जिची टक्केवारी जास्त तिथं प्रवेश, एवढं साधं गणित. बायको म्हणते, घराजवळची बरी. माझं चुकतंय काय?

शाहूपुरी_तिसरीगल्ली: चुकतंय. २०२४ ला कोल्हापूर विभागाचाच निकाल ९७.४५ टक्के होता. शंभरातली सत्त्याण्णव पास होतात तिथं ९८ची शाळा आणि १००ची शाळा यात फरक तो काय? एखादा पोरगा तापानं फणफणला की टक्का घसरतो. त्यात शंभरातले वीस गुण शाळेच्याच हातात.

कागलचा_भाऊ: टक्केवारीला नावं ठेवणं सोपं हाय, दादा. आमच्यासारख्यानं मग बघायचं काय? इमारत? निकाल चांगला म्हणजे निदान पोर्शन तरी पुरा होतो, सराव पेपर होतात. शेतकऱ्याच्या पोराला क्लास कोण लावतंय? त्याला शाळाच क्लास.

निवृत्त_गुरुजी: पोर्शन पुरा होतो, कबूल. पण बत्तीस वर्षं हायस्कुलात काढली, म्हणून सांगतो. एका शाळेत कच्च्या पोरांची यादी नववीतच निघायची. पालकाला बोलवायचं, चहा पाजायचा आणि गोड बोलून दहावीला बाहेरून बसायचा, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. पोरगं बाहेरून बसलं की शाळेच्या निकालात त्याचा पत्ताच नाही. मी गप्प बसलो, हेही लिहून ठेवतो. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड होता. हिशेब न आलेल्या पोराचा व्हायचा. आता आलेल्यांतलीच वजा करतो आपण.

कागलचा_भाऊ: गुरुजी, एका शाळेवरनं सगळ्यांना झोडपू नका.

गगनबावडा_एसटी: आणि तालुक्यांची तुलना तर करूच नका. आमच्याकडं धनगरवाड्यावरचं पोरगं पावसाळ्यात ओढा उतरला तर शाळेत येतं. ते ५५ टक्क्यांनी पास झालं तर मास्तरानं जास्त काम केलं, का राजारामपुरीत क्लास लावून ९२ काढणाऱ्याच्या मास्तरानं?

पंचगंगातीर: गुरुजींचं वाचून काल रात्री बसलो. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी साईटवर शाळेचा इयत्तावार पट मिळतो. आदल्या वर्षीचा नववीचा आकडा आणि दहावीला बसलेल्यांचा आकडा शेजारी मांडला. माझ्या वहीतल्या पहिल्या नंबरच्या शाळेत मधल्या मधे जवळजवळ एक अख्खी तुकडी कमी झालीय. घराजवळच्या शाळेत दोन-तीनच पोरं.

कागलचा_भाऊ: दाखले काढून दुसरीकडं गेली असतील की!

पंचगंगातीर: अख्खी तुकडी? सोमवारी जाऊन विचारतोच.