मदत हवी: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीच्या रिमोटमध्ये चार्जिंगचे सेल टिकत नाहीत, अर्ध्या तासात बीप

तापलेला_सर्वो:
रिमोटमध्ये चार्जिंगचे सेल टाकलेत, २५०० एमएएच क्षमतेवाले. रात्रभर चार्ज करूनसुद्धा अर्ध्या तासात बीप करूलालाय. साधे सेल टाकले की कितीतरी दिवस बघायला लागत नाही, पण दर वेळी नवा सेट घेणं परवडत नाही. आता सरळ लिथियम टाकावं म्हणतोय. कुठलं घेऊ? इथे सोलापुरात नवी पेठेत मिळेल का पुण्याहून मागवू? जरा लवकर सांगा, रविवारी गाडी काढायची आहे.

मीटरवाला:
रिमोट कुठला? सेल किती? डबल ए का ट्रिपल ए? चार्जर कसला? बीप किती व्होल्टला होतो? 'चार्जिंगचे' म्हणजे निकेलचे १.२ व्होल्टवाले, का यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टवाले? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग लिथियम कुठलं ते कसं सांगायचं?

चादर_४१३:
मोटर ब्रशलेस असेल तर २एस (सिरीजमधले दोन सेल) ५२०० चा लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर पॅक घ्या, ५०सी. डीन्सचा कनेक्टर काढून एक्सटी६० लावा. डीन्स गरम होऊन चिकटतो. ईएससीत (मोटरच्या स्पीड कंट्रोलरमध्ये) लिपो कटऑफ चालू करायला विसरू नका.

तापलेला_सर्वो:
@चादर_४१३ गाडीचं नाही विचारलं मालक, रिमोटचं विचारलंय.

बोळकोटे_बॅशर:
लिथियमच पाहिजे तर १४५०० नंबरचा सेल मागा. माप डबल ए सेलचंच, ३.७ व्होल्ट. टॉर्चवाल्यांकडे मिळतो. जुने काढा, हे टाका, झालं.

मीटरवाला:
@बोळकोटे_बॅशर आठ सेलचा ट्रे असेल तर ८ गुणिले ३.७ म्हणजे २९.६ व्होल्ट. फुल चार्जला ३३.६. बारा व्होल्टच्या रिमोटचा रेग्युलेटर स्विच दाबताच जाईल, पुढचं सर्किट वाचलं तर नशीब. तीन खरे आणि पाच डमी (नुसती जोडणी करणारे नकली सेल) टाकून ११.१ व्होल्ट करणारे आहेत, पण प्रोटेक्शन सर्किटवाला १४५०० हा डबल एपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, ट्रेमध्ये नीट बसत नाही. आणि बिनप्रोटेक्शनचा ट्रेमध्ये शॉर्ट झाला तर प्लास्टिक वितळेल. धाग्यात विचारणाऱ्याने कृपया हे करू नये.

तापलेला_सर्वो:
स्टिकर निघालेलं आहे, सेकंडहँड घेतलाय, मॉडेल माहीत नाही. पिस्तूल टाइप, २.४ गिगाहर्ट्झ, ट्रेमध्ये आठ डबल ए. स्क्रीनवर व्होल्ट दिसतात: चार्ज करून टाकले की १०.६, बीप ९.० ला. सेल निकेलचे, १.२ लिहिलंय. चार्जर सेलच्या पाकिटातच आला होता, थेट भिंतीच्या प्लगमध्ये बसतो, चार खाचा आणि दोन लाइट.

मीटरवाला:
आता बोलता येईल.

चार खाचा आणि दोन लाइट म्हणजे तो सेल जोडीने चार्ज करतो. जोडीतला एक आधीच भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर एक जास्त शिजतो आणि दुसरा अर्धाच भरतो. शिवाय असे बरेचसे चार्जर नुसत्या टायमरवर चालतात, सेल भरला का ते बघतच नाहीत. निकेलचा सेल भरला की व्होल्टेज किंचित, ५ ते १० मिलिव्होल्ट खाली येतं. चांगला चार्जर ते प्रत्येक खाचेत वेगळं ओळखून थांबतो.

आता हिशोब बघा. आठही सेल चांगले असतील तर लोडवर, म्हणजे रिमोट चालू असताना, साधारण १.२५ गुणिले ८, म्हणजे १० व्होल्ट. एक जरी सेल बसला तर उरलेल्या सातांचे ८.७५. अलार्म ९ ला. म्हणजे सात सेलांत भरपूर जीव असतानाही बीप होणार. सगळ्या सेटचं नाही, एका-दोन सेलांचं दुखणं वाटतंय. आठही एकाच पाकिटातले आहेत का?

पुणेरी_पिनियन:
एवढी चिरफाड कशाला? बारा व्होल्टचा रिमोट आहे, ३एस (तीन सेलांचा) लिपो टाका. ११.१ नॉमिनल, फुलला १२.६. नवे अल्कलाइन आठ टाकले तरी १२.८ पर्यंत जातात, म्हणजे रेग्युलेटरला काही नवीन नाही. १५०० ते २२०० एमएएचचा ट्रान्समिटर पॅक मिळतो, ट्रेपेक्षा हलका. रिमोट १५० मिलिअँपच्या आसपास खात असेल तर २२००चा पॅक दहा-बारा तास आरामात.

होटगीरोड_ड्रिफ्ट:
@पुणेरी_पिनियन पुण्यात बसून ठीक आहे. इथे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. फुल चार्ज लिपो रिमोटमध्ये ठेवून रिमोट गाडीच्या डिकीत राहिला की पॅक फुगणार. ठेवायचा तर ३.८ व्होल्ट प्रतिसेलवर ठेवायचा, दर वेळी बॅलन्स चार्ज (सगळे सेल सारखे भरणारं चार्जिंग) करायचा. रिमोटसाठी एवढं कोण करतं? लो सेल्फ डिस्चार्जचे निकेल घ्या, २००० वाले. सान्योने २००५ साली एनेलूप काढला तेव्हापासून हा प्रकार आहे, आता बऱ्याच कंपन्या बनवतात. वर्षभर कपाटात पडले तरी बहुतेक चार्ज शिल्लक असतो. २५००-२८०० आकड्याच्या मागे लागू नका, त्यातले बरेच महिन्याभरात आपोआप उतरतात.

पुणेरी_पिनियन:
मग लिपो डिकीत ठेवू नका. पुण्यातही ऊन असतं.

मीटरवाला:
लिपोला विरोध नाही, पण या रिमोटचा अलार्म ९.० ला आहे. ३एस पॅकला ९.० म्हणजे ३.० प्रतिसेल, पार तळ. १०.५ ला थांबायला हवं. अलार्म बदलता येत नसेल तर बॅलन्स प्लगला बझर लावावा लागेल. आणखी दोन गोष्टी. लिपो कधीच रिमोटच्या बाजूच्या चार्जिंग जॅकमधून चार्ज करायचा नाही, तो जॅक निकेलसाठी असतो. आणि ट्रेच्या प्लगची पोलॅरिटी (प्लस-मायनस) मीटरने तपासल्याशिवाय नवा पॅक लावायचा नाही. सारखे दिसणारे प्लग उलटे वायर केलेले मिळतात. लाल वायरीत १ अँपचा फ्यूज टाका.

बोळकोटे_बॅशर:
व्होल्ट वाढवले की रेंज पण वाढेल ना? होम मैदानावर माझी गाडी पलीकडच्या टोकाला जाऊन अडते.

मीटरवाला:
नाही. २.४ वाल्या रिमोटमध्ये रेडिओ मॉड्यूलला आतला रेग्युलेटर ठरावीक व्होल्टेज देतो. बॅटरी १० व्होल्टची काय नि १२ ची काय, बाहेर पडणारी पॉवर तीच. तुमचा रिसीव्हरचा अँटेना बघा, टोकाची उघडी ३१ मिलिमीटर तार सरळ उभी आणि कार्बन चॅसीपासून लांब हवी.

चादर_४१३:
होम मैदानावर चालवताय तर बेअरिंग रबर सीलवाले घ्या. गड्डा यात्रेनंतर तिथली माती अजूनच बारीक होते, पत्र्याच्या सीलमधून आत जाते.

तापलेला_सर्वो:
बेअरिंगचा धागा वेगळा काढा ना ओ. @मीटरवाला चार सेल चार्जरबरोबरचे २५००, चार घरातले जुने २१००. डबल ए साइजचेच आहेत सगळे.

होटगीरोड_ड्रिफ्ट:
मग तिथेच उत्तर आहे. जुने-नवे एकत्र सिरीजमध्ये लावले की कमजोर सेल आधी शून्याला जातो आणि बाकीचे त्याला उलटं चार्ज करतात. त्या सेलची उरलेली क्षमताही जाते.

मीटरवाला:
अंदाज नको, मोजून घ्या. साहित्य: मीटर आणि ३.३ ओहमचा ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, पार्ट्सच्या दुकानात सहज मिळतो.

आठही सेल चार्ज करून तासभर थंड होऊ द्या, मार्करने १ ते ८ नंबर टाका. प्रत्येक सेलला रेझिस्टर एक मिनिट लावून ठेवा आणि लावलेला असतानाच व्होल्ट मोजा. नुसत्या सेलवर मोजू नका, मेलेला सेलही रेझिस्टरशिवाय १.३ दाखवतो. १.१ च्या खाली गेलेला बाद.

मग सेल ट्रेमध्ये टाकून, रिमोट चालू ठेवून, आठही सेलांचे व्होल्ट वेगवेगळे मोजून बेरीज करा आणि ट्रेच्या प्लगवर मोजा. दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगा आणि रिवेट खराब. रिमोट बंद असताना हा फरक दिसणार नाही, करंट वाहायला हवा.

तापलेला_सर्वो:
नवे चार: १.२४, १.२४, १.२३, १.२२. जुने: १.१९, १.०५, १.२१, ०.७१. ट्रेमध्ये बेरीज ९.८, प्लगवर ९.४. दोन स्प्रिंगांना हिरवट-पांढरं काहीतरी लागलेलं आहे.

होटगीरोड_ड्रिफ्ट:
०.७१ वाला घंटागाडीत नको, ई-कचऱ्यात द्या.

मीटरवाला:
आठवा नंबर मेलाय, सहावा त्याच वाटेवर. आणि ट्रे ०.४ व्होल्ट खातोय, म्हणजे सेल चांगले घेतले तरी बीप लवकरच येईल. ते हिरवट-पांढरं अल्कलाइन सेल गळल्याचं आहे. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगेवरचा मुलामा गेला असेल तर आठ सेलचा नवा ट्रेच घ्या, तो स्वस्त पडतो.

सेल: २००० चे लो सेल्फ डिस्चार्ज आठ, एकाच पाकिटातले किंवा एकाच बॅचचे. चार्जर प्रत्येक खाच वेगळी बघणारा, ५०० ते १००० मिलिअँपचा. ५०० वर चार सेलांना साडेचार तास धरा, म्हणजे आठांना दोन पाळ्या. फार कमी करंटवर व्होल्टेजची ती घसरण दिसतच नाही आणि चार्जर थांबत नाही. दुपारच्या उन्हात पत्र्याखाली चार्ज करू नका, सेल ४५ अंशांच्या वर गेला की नीट भरत नाही.

नवे चार २५०० आहेत ते घड्याळ-टॉर्चला वापरा. रविवारपुरते साधे अल्कलाइन टाका, पण ट्रे पुसूनच.

पुणेरी_पिनियन:
आणि पुढच्या महिन्यात ३एस.

तापलेला_सर्वो:
मेनूत अलार्म सापडला, ८.५ पर्यंत खाली येतो. तेवढा करू का?

मीटरवाला:
निकेलला ८.८ ठेवा, १.१ प्रतिसेल. ८.५ वर एखादा सेल उलटा फिरायची शक्यता वाढते. आणि रिसीव्हरचा फेलसेफ थ्रॉटल न्यूट्रलला लावलेला आहे का ते चाकं हवेत ठेवून, रिमोट बंद करून तपासा. रिमोट मध्येच मेला तर गाडी थांबायला पाहिजे, पळायला नाही.

चादर_४१३:
माझ्या रिमोटला चारच सेल आहेत. ३एस चालेल?

मीटरवाला:
अजिबात नाही. तो ६ व्होल्टचा. चार निकेल टाका. २एस लायफे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट पॅक) ६.६ चा असतो, पण फुल चार्जला ७.२ होतो आणि चार नवे अल्कलाइन ६.४ च्या आसपास, त्यामुळे मॅन्युअलमध्ये कमाल व्होल्टेज बघितल्याशिवाय तोही नको.