जबड्याच्या ऑपरेशनमध्येच इम्प्लांट?
ऑपरेशनमध्ये हाड कापून जबडा सरकवतानाच, जबड्याचा आकार नीट दिसावा म्हणून हाडावर लावायचं मापाचं इम्प्लांटही बसवून घ्या, दुसऱ्यांदा भूल नको, असं काही जण सुचवतात, ते मला अर्धंच पटलं. पीक (PEEK) नावाच्या कडक प्लास्टिकचं किंवा टायटॅनियमचं हे इम्प्लांट सीटी स्कॅनवरून, जबडा ठरल्या जागीच बसेल असं धरून आधी बनवतात. प्रत्यक्षात हाड थोडं जरी इकडेतिकडे झालं तर ते नीट टेकत नाही.

ठाण्यात माझ्या धाकट्या बहिणीचा खालचा जबडा पुढे घेतला, तेव्हा सर्जननी म्हणूनच थांबायला सांगितलं. हाड कापलं तिथे खालच्या कडेला खाच राहिली होती, बोटाला लागायची. फार खट्टू झाली होती ती. पण सूज पूर्ण उतरायला सहा महिने गेले आणि मग इम्प्लांटचा विषय तिनेच सोडला. खालच्या ओठाचा बधिरपणा मात्र अजून थोडा आहे. त्याबद्दल आधी नीट विचारा, कळकळीने सांगतेय.