ओढ्यातील मेफ्लायच्या पिल्लांना मासा गंधावरून कळतो का?

प्रश्न – प्राणिशास्त्र शिक्षक, कोल्हापूर

पावसाळा सरल्यावर आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांना गगनबावडा परिसरातील एका ओढ्यावर नेतो. धबधब्याच्या वरच्या अंगाला मासे दिसत नाहीत, आणि तेथे मेफ्लायची (पाण्यात वाढून प्रौढपणी उडणाऱ्या कीटकाची) पिल्ले भर दुपारीही दगडांच्या माथ्यावरचे शेवाळ खरवडत असतात. खालच्या डोहात मासे आहेत; तेथे तशीच दिसणारी पिल्ले दिवसा दगडांच्या खालीच सापडतात. हा फरक माशांकडून पाण्यात मिसळणाऱ्या रासायनिक संकेतांमुळे पडतो असे म्हणता येईल का? आणि महाविद्यालयाच्या मर्यादित साधनांत ते तपासायचे झाल्यास काय करावे?

उत्तर १ – भोगावतीकाठ

म्हणता येईल, पण केवळ निरीक्षणावरून नाही. डोहात पाणी संथ असते, तळाशी गाळ बसतो, झाडांची सावली वेगळी पडते, आणि यांपैकी कोणत्याही कारणाने पिल्ले दगडाखाली जाऊ शकतात.

गंधाचा परिणाम मात्र प्रयोगांनी दाखवलेला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात बार्बरा पेकार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासे नसलेल्या ओढ्यांत ब्रुक ट्राउट हे मासे ठेवलेल्या टाक्यांचे पाणी सोडले. ओढ्यात एकही मासा न सोडता बेटिस वंशातील मेफ्लाय लहान आकारातच प्रौढ होऊन पाण्याबाहेर पडू लागल्या. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान मादीच्या पोटात अंडी कमी असतात, म्हणजे धोका लवकर टाळण्याची किंमत ती पुढच्या पिढीच्या संख्येत मोजते. न खाताही मासा भक्ष्याची संख्या घटवू शकतो, हा या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अर्थ आहे.

याच्या नेमकी उलट दिशा गोगलगायीत दिसते. फायझा गटातील गोगलगायींवरचा क्रॉल आणि कोविच यांचा अभ्यास १९९० मध्ये आला. आपल्याच जातीच्या गोगलगायी खाणाऱ्या क्रेफिशचा (गोड्या पाण्यातील नांग्यांच्या कवचधारी प्राण्याचा) संकेत पाण्यात असेल, तर त्या अंडी घालणे लांबणीवर टाकून सुमारे १० मिलिमीटरपर्यंत वाढत राहिल्या. संकेत नसताना त्या सुमारे ४ मिलिमीटरलाच प्रजननाला लागल्या. ट्राउट मोठे भक्ष्य टिपतो आणि क्रेफिशला लहान गोगलगाय फोडणे सोपे जाते, हे लक्षात घेतले की दोन्ही वागणुकींची संगती लागते. संकेत केवळ ‘कोणीतरी आहे’ एवढेच सांगत नाही; तो कोणाचा आहे आणि त्याने काय खाल्ले आहे, यावर प्रतिसाद ठरतो.

उत्तर २ – पन्हळ

तळ्यापेक्षा ओढ्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण येथे वास एकाच दिशेने जातो. डोहाच्या वर बसलेल्या पिल्लाला डोहातला मासा रसायनांवरून कळणे जवळजवळ अशक्य. डोहाच्या खाली असलेल्याला तो न दिसताही कळू शकतो. म्हणून सरांनी सर्वांत आधी डोहाच्या वरच्या आणि खालच्या अंगाची, सारख्याच खोलीची व सारख्याच ओघाची उथळ जागा निवडून दोन्हीकडच्या पिल्लांची तुलना करावी. खर्च शून्य. माझ्या मते पुढच्या कोणत्याही प्रयोगाआधी हे एवढे झालेच पाहिजे.

त्यानंतर प्लास्टिक पाइप उभे चिरून काठावर पन्हळी मांडाव्यात आणि मासे नसलेल्या वरच्या भागाचे पाणी त्यांतून वाहू द्यावे. काही पन्हळींत माशांच्या टाकीतले पाणी ठिबकत सोडावे, उरलेल्यांत तसेच भरून ठेवलेले पण माशांविना पाणी सोडावे, म्हणजे तापमान व प्राणवायूतील फरकाला वाव राहणार नाही. टाकीचे पाणी ताजेच वापरावे, कारण जिवाणू या संयुगांचे विघटन करतात. कोणत्या पन्हळीत कोणते पाणी आहे, हे मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्याला सांगू नये. जागा राखीव वनात किंवा राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. टाकीत कोणता मासा ठेवावा? डोहात मळ्या भरपूर दिसतो.

उत्तर ३ – खेकडेवाला

मळ्या मुख्यतः दगडावरचे शेवाळ खरवडतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. डॅनिओसारखा कीटक टिपणारा मासाही घ्यावा आणि दोघांच्या पाण्याची तुलना करावी; डॅनिओच्या दोन टाक्या करून एकीत मेफ्लायची पिल्ले व दुसरीत बाजारातले खाद्य दिले, तर भोगावतीकाठ यांनी मांडलेला आहाराचा मुद्दाही तपासला जाईल.

दोन गोष्टी जोडतो. पहिली, परजीवी हे नाते उलटवू शकतात: युरोपातील गॅमॅरस हा झिंग्यांचा दूरचा नातेवाईक माशाच्या वासापासून दूर सरतो, पण पोम्फोरिंकस हा काटेरी डोक्याचा कृमी अंगात असला तर त्याच वासाकडे ओढला जातो, आणि मासा त्याला खातो तेव्हा कृमीला पुढचा यजमान मिळतो. त्यामुळे एखादे पिल्लू विचित्र वागले तर त्याला लगेच मोजणीतून वगळू नये.

दुसरी गोष्ट शेतीची. मेटोलाक्लोर या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या क्रेफिशला अन्नाचा आणि धोक्याचा वास ओळखणे अवघड जाते, असे प्रयोगांत आढळले आहे; तांब्याची संयुगेही अनेक जलचरांची गंधक्षमता बिघडवतात. अशा ठिकाणी प्राणी मेलेले दिसत नाहीत, पाणी वरवर ठीक वाटते, पण एकमेकांची चाहूल मात्र लागेनाशी होते. तेव्हा आपल्याकडे उसाच्या फडांतून निचरा येतो त्याच्या खाली पन्हळी मांडू नयेत, नाहीतर प्रतिसाद मिळाला नाही तर तो मासा निरुपद्रवी म्हणून की नाक बधिर म्हणून, हे ठरवता येणार नाही.