विषय: नाशिकहून न्यू जर्सीच्या थेरपिस्टशी सेशन, बुधवारच्या आत सांगा

न्यू जर्सीच्या आपल्या मंडळातली मंडळी,
बाबांच्या ऑपरेशनमुळे मार्चपर्यंत नाशिकलाच आहे. काल माझ्या थेरपिस्टने कळवलं, तुम्ही भारतात असेपर्यंत सेशन घेता येणार नाही. दोन वर्षं दर बुधवारी बोलतेय, आणि नेमकं आत्ता बंद. गणपतीत कोणीतरी म्हणालं होतं की दुसऱ्या ठिकाणाहूनही सेशन चालतं?
– गंगापूर रोडहून

मीच म्हणालो होतो, पण ते माझ्या मुलाच्या सेशनबद्दल. तो पेनसिल्व्हेनियात कॉलेजला गेला तरी त्याचं चालू राहिलं. सायपॅक्ट म्हणून अमेरिकेतल्या राज्याराज्यांचा करार आहे. तो फक्त सायकॉलॉजिस्टना, आणि देशाबाहेर नाहीच.
– खजिनदार

सांगायचंच कशाला? व्हिडिओ कॉल कुठूनही लागतो.
– एडिसन

कृपया असं सुचवू नका. मी इथे अमेरिकेत समुपदेशक आहे. सेशनच्या वेळी क्लायंट कुठे बसलाय, त्या जागेचं लायसन्स लागतं. दर वेळी ठिकाण विचारतो ते उगाच नाही. बोलता बोलता कोणाचा धीर सुटला तर मदत कुठे पाठवायची? इथे 911, नाशिकला 112. आणि जिथे मन मोकळं करायचं, तिथेच पत्ता खोटा?

भारतातलेही नियम बघून ठेवा. तिथल्या डॉक्टरांसाठीची 2020 ची टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून सल्ला) मार्गदर्शक तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. माझ्या भावाने नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी इथल्या फार्मसीत दाखवली, औषध मिळालं नाही. पंधरा दिवस फार वाईट गेले.
– वाचनकट्टा

बुधवार धरताना लक्षात ठेवा, मार्चमध्ये इथलं घड्याळ पुढे जातं. नाशिकशी असलेला फरक साडेदहाचा साडेनऊ तास होतो.
– खजिनदार

नाशिकमधल्या तज्ज्ञांची यादी आरोग्य समितीने केलेली आहे. परस्पर नावं फिरवू नयेत, मागच्या वेळी त्यातूनच मनं दुखावली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी बघूनच घ्यावं.
– आरोग्य समिती

काकू, यादी मलाच पाठवा, मी पुढे देणार नाही. थेरपिस्ट माझ्या संमतीने इथल्या तज्ज्ञांना सविस्तर पत्र द्यायला तयार आहे. तोवर रात्री फार झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लिहून ठेवलाय, तिथे मराठीत बोलता येतं. घरात बाबांना सगळं ऐकू जातं, म्हणून गाडी सोमेश्वर मंदिरापाशी लावून बोलेन. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं इंग्रजीत सांगत आले. मराठीत कुठून सुरू करायचं, तेच अजून ठरत नाहीये.
– गंगापूर रोडहून