चौकोन नारिंगी होतच नाही : तुमचे अनुभव लिहा

गेले सात महिने आठवड्यातून तीनदा मी गटाच्या व्यायाम वर्गाला जाते. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येकाचा एक चौकोन, चौकोनात हृदयाच्या ठोक्यांचा आकडा आणि त्याप्रमाणे बदलणारा रंग. राखाडी, निळा, हिरवा, नारिंगी, लाल. कमाल ठोक्यांच्या ८४ टक्क्यांना नारिंगी सुरू होतो आणि तासाभरात १२ मिनिटं तरी तिथं काढायची असं सांगतात. माझं वय ४६, म्हणजे २२० वजा ४६ करून माझी कमाल १७४ धरली आहे आणि मला १४६ गाठायचे आहेत. मी १४० ला अडकते. उड्या मारून गुडघ्यांवर हात टेकून उभी असते, घाम डोळ्यांत उतरत असतो, तोंडातून शब्द फुटत नाही आणि चौकोन हिरवाच. मग माइकवरून नाव घेऊन "अजून जोर लावा" असं येतं. जोर लावलेलाच असतो हो. परवा घरी येताना रडू आलं.

तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? काय केलंत? सविस्तर लिहा, घाई नाही.

* * *

ताई, तुमची कमाल १७४ च आहे हे कुणी मोजलंय का? माझंही असंच चाललं होतं म्हणून मी याच्या मुळाशी गेलो. २२० वजा वय हे सूत्र सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांच्या नावाने ओळखलं जातं. १९७० च्या सुमारास त्यांनी आधी छापून आलेल्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले आणि त्यांतून एक सोयीची रेघ काढली. माणसामाणसाला जोखायचं साधन म्हणून ते बनलंच नव्हतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असतो.

पुढे २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांनी फक्त स्त्रियांच्या चाचण्यांवरून २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असं मांडलं. तुमचं वय घालून बघा. तनाकांच्या हिशोबाने तुमची कमाल १७६ येते, गुलाटींच्या हिशोबाने साधारण १६५. त्या १६५ चे ८४ टक्के १३९ होतात. म्हणजे ज्या १४० ला तुम्ही अडकता, तो एका सूत्राने नारिंगीच आहे! आणि हीसुद्धा शेवटी सरासरीच. तुमची कमाल दोन्हींपेक्षा वेगळी असू शकते.

* * *

आधी यंत्र तपासा. मी चार महिने मनगटावरच्या घड्याळावर विसंबून होते. रोइंगला (वल्हवण्याच्या यंत्रावर) आणि केटलबेलला (मुठीचं लोखंडी वजन) माझा आकडा हमखास कोसळायचा. मैत्रिणीने तिचा छातीचा पट्टा एका वर्गापुरता दिला. मनगटावर ११२, पट्ट्यावर १४९, एकाच क्षणी!

घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा मोजतं. मूठ घट्ट आवळली, मनगट मागं वाकवलं की ते गडबडतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच घेतो. पण तोही कोरडा लावला तर पहिली दहा मिनिटं वाटेल ते दाखवतो. मी आता नळाखाली त्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या बोटाने चोळून ओल्या करते, मग छातीच्या खाली, खोल श्वास घेतला तरी सरकणार नाही इतका आवळून लावते. घड्याळच वापरायचं असेल तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट. ते हाडावर डुगडुगत असेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

* * *

मला उलटा अनुभव. वॉर्म-अपच्या संथ पळण्यातच घड्याळ १६५ दाखवायचं आणि मी मस्त गप्पा मारत असायचो. नंतर कळलं, ते माझी मिनिटाला पडणारी पावलं मोजत होतं. शेजारी लाल दिसतोय म्हणून स्वतःला कमी समजू नका, एवढंच सांगतो.

* * *

वय ५८. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे, बिसोप्रोलॉल. ती ठोके वर जाऊ देत नाही, तिचं कामच ते. पण पडद्याला हे माहीत नसतं आणि मला कुणी विचारलंही नाही. दीड महिना मी त्या रंगामागे धावले. एकदा वर्गातच डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून खाली बसले. आसपासच्यांना वाटलं दमले, आणि मला वाटत होतं मीच कमी पडतेय. तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही आणि आकड्याकडे बघायचं नाही. त्यांनी बोर्ग यांची श्रमाची मोजपट्टी शिकवली. गुन्नर बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. पट्टी ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे आरामात बसलेलो, २० म्हणजे याउपर शक्यच नाही. सुरुवात ६ पासून अशासाठी की निरोगी तरुण माणसात त्या अंकाला दहाने गुणलं की साधारण ठोके मिळावेत, ६० ते २००. माझ्यासारखीच्या बाबतीत तो गुणाकार लागू पडत नाही, पण "किती जड जातंय" हे लागू पडतं. मी १३-१४ वर राहते. वाक्य पूर्ण बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही, ती पातळी. कुणी अशी गोळी घेत असेल तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा. लाजू नका.

* * *

मी असे वर्ग घेतो, नऊ वर्षं झाली. वरचे अनुभव दोनदा वाचले.

एक गोष्ट आमच्या बाजूची. २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती असा क्रम लावला की हृदय मागे राहतं. ठोके वर चढायला वेळ लागतो, आणि यंत्रही बहुधा गेल्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं. त्यामुळे तुम्ही जीव तोडून करता तेव्हा आकडा कमी असतो आणि थांबल्यावर वर जातो. त्यात एका साधनासाठी तिघं रांगेत असतील तर संपलंच. आता मी दोन-तीन मिनिटांचे सलग तुकडे ठेवतो, त्यात मांड्यांसारखे मोठे स्नायू वापरणारे प्रकार. नुसत्या हातांच्या व्यायामाने कमाल गाठणं अवघड असतं. सायकलवरही बहुतेकांचे ठोके पळण्याइतके चढत नाहीत, पडदा मात्र दोन्हीकडे तोच आकडा धरून रंग देतो.

आणि नाव घेऊन "जोर लावा" म्हणणं मी बंद केलंय. जवळ जाऊन "कसं वाटतंय, बोलता येतंय का?" एवढंच विचारतो. पूर्वी ज्यांना मी तसं हाकारलं त्यांची मनापासून माफी मागतो.

* * *

सायकलबद्दल बरोबर आहे. माझे ठोके चढायच्या आधीच मांड्या पेटायच्या. जड गिअर लावून दात-ओठ खात पाय मारायचे तेव्हा १३० च्या वर जात नसे. गिअर थोडा हलका करून पाय भरभर फिरवायला लागले तशी धाप लागायला लागली. पायांत ताकद यायला तीनेक महिने गेले.

* * *

माझी गाडी वेगळी. लांब पळण्याची जुनी सवय, सकाळी उठल्याउठल्या नाडी ४८. सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. मी कार्व्होनेन पद्धत वापरतो, फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ साली मांडलेली. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, उरलेल्याचे टक्के काढायचे आणि विश्रांतीचे पुन्हा मिळवायचे. माझी मोजलेली कमाल १८४, तेव्हा ७० टक्के म्हणजे १४३. आळशी हृदय आणि सरावलेलं हृदय यांना एकाच मापाने मोजण्यापेक्षा हे न्याय्य वाटतं.

* * *

आठवड्याला सहा वर्ग करत होते. पाचव्या आठवड्यापासून ठोके चढेनासे झाले, पाय शिशाचे, झोप तुटक. नऊ दिवस फक्त चालले. परत गेले तेव्हा तोच व्यायाम, आकडा १२ ने वर.

* * *

हे जरा गंभीर आहे, पण लिहायलाच हवं. वय ६१, कुठलीही गोळी नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गात माझे ठोके ९८ च्या पुढे जाईनात. पट्टा बदलला, बॅटरी बदलली, तेच. आधी सहज चढायचो त्या जिन्यावर मधे थांबावं लागायला लागलं, दोनदा गरगरलं. मुलीने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. ट्रेडमिल चाचणीत दिसलं की श्रम वाढले तरी हृदयाची नैसर्गिक गती वाढतच नाही. पुढे पेसमेकर बसवला, हालचालीनुसार गती वाढवणारा. आता हळूहळू परत वर्गात येतो.

तुमच्यातल्या बहुतेकांचं कारण सूत्र नाहीतर घड्याळ असेल. पण पूर्वी चढणारे ठोके आता चढत नसतील आणि सोबत धाप, चक्कर, छातीत जड वाटणं असेल, तर पडद्याकडे बघत बसू नका. मी तीन महिने बघत बसलो.

* * *

धागा सुरू करणारी मी. सगळ्यांचं मन लावून वाचलं, खूप आभार. काका, तुमचं वाचून आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि रक्त तपासून आले, सगळं ठीक आहे. त्यांच्या देखरेखीखालीच ट्रेडमिल चाचणी झाली. पाय उचलेनात तोवर गेले. सर्वांत वरचा आकडा १६१.

वर्गात जाऊन माझी कमाल १६१ करा म्हटलं, तर म्हणाले यंत्रणा वयावरूनच घेते, वर विचारून सांगतो. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. मी १६१ चे ८४ टक्के काढले आणि पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने १३५ लिहिलंय. काल १३५ च्या वर १७ मिनिटं होते. पडद्यावर चौकोन हिरवा होता.